ओळखीचा माणूस

मनोहरकाकांची नोकरी गेल्यावर अमेरिकेत, सांता क्लारातल्या ऑफिसमधलं कोणी घरी फिरकलं नव्हतं, म्हणून शंतनू आला तेव्हा ते सुखावले. त्याला कंपनीत त्यांनीच आणलं होतं. चहा घेताना शंतनू चाचरत म्हणाला, "काका, उद्या शेन्झेनला निघतोय. तिथे सगळे फोननेच पे करतात. पण अ‍ॅपवर अकाउंट उघडायला जुन्या युजरने कोड स्कॅन करून खात्री द्यावी लागते. तुमच्याशिवाय कोणाला विचारू?" कंपनीच्या कामासाठी बारा वर्षं चीनला काकाच जात होते. त्यांनी कोड स्कॅन केला. स्क्रीनवर प्रश्न आला: 'या माणसाला तुम्ही ओळखता का?' बोट टेकवण्याआधी त्यांनी विचारलं, "लेऑफच्या यादीत माझं नाव कोणी घातलं?" शंतनूने कप खाली ठेवला. "टीममधलं एक नाव मला द्यायचंच होतं, काका. माझी नोकरी गेली असती तर व्हिसा..." "आता ओळखतो," काका म्हणाले आणि त्यांनी 'हो' दाबलं.