तब्येतीची चौकशी

कॉमिक्सच्या मेळाव्यात इतकी वर्षं म्हाताऱ्या चित्रकाराच्या टेबलाकडे चिटपाखरूही फिरकत नव्हतं. यंदा मात्र रीघ लागली. जुने अंक विकणारे, जमवणारे, सगळे त्याच्याच कॉमिक्सचे गठ्ठे घेऊन सह्यांसाठी उभे होते आणि प्रत्येक जण मायेनं विचारत होता, "काका, ऑपरेशन झालं म्हणे. आता कसं आहे?"

शेजारी बसलेल्या बायकोला भरून आलं. उभ्या जन्मात नवऱ्याची कुणी इतक्या आस्थेनं चौकशी केली नव्हती. तिनं पहिल्याच विक्रेत्याला सांगून टाकलं, "गाठ साधीच निघाली हो. आता काही भीती नाही म्हणाले डॉक्टर."

"वा, छानच की," विक्रेता म्हणाला आणि सही व्हायचे राहिलेले अंक त्यानं हळूच पिशवीत सरकवले. जाता जाता मागच्याला म्हणाला, "चल रे. काका ठणठणीत आहेत. या सह्यांना एवढ्यात काही भाव यायचा नाही."

बघता बघता रांग पांगली. नवरा पेनाचं टोपण काढत आणि लावत बसून राहिला. तिला ते बघवेना.

बऱ्याच वेळानं जडशीळ पिशवी सावरत एक जण आला. "काका, तब्येत काय म्हणते?"

नवरा तोंड उघडणार, तोच तिनं टेबलाखाली त्याचा हात दाबला. "काय सांगू, भाऊ? डॉक्टरांनी हात टेकले."

"अरेरे," म्हणत त्यानं अख्खी पिशवी टेबलावर रिकामी केली.

नवऱ्यानं पेनाचं टोपण काढलं, आणि सही करण्याआधी थोडं खोकून घेतलं.