केरसुणी ओलांडायची न्हाई

“जावई ओट्यावर येऊन बसलाय, आन् ही भवानी गोरीच्या लग्नाला तोरण बांधतीया!” मनकर्णाबाई कडाडल्या. “दिवाळीला आनली, शिमगा सरला, तरी हितंच रुतून बसलीया. सासरी का जात न्हाईस म्हनून इचारावं, तर तोंडात मूग!”

त्यांची लेक राही कडुलिंबाच्या डहाळ्या सुतळीत ओवत राहिली. त्या दुष्काळात तोरणाला हिरवं म्हणून तेवढंच उरलं होतं.

शेवगावकडच्या त्या गावात विहिरींनी तळ दाखवला, तेव्हा बोअर घेणारी परदेशी मंडळी आली. त्यांतली ज्युडी मनकर्णाबाईंच्या पडवीत राहायची आणि तिचा पीटर तालमीत. लग्न झाल्याशिवाय एका छपराखाली झोपायचं नाही, हा मनकर्णाबाईंचा हुकूम. मग ज्युडी म्हणाली, इथंच लग्न करतो, पण आमच्या रीतीनं.

“भटजी नाही, पाद्री पण नाही,” तिनं मोडक्या मराठीत सांगितलं होतं. “पाद्री आले त्याच्याही आधीची रीत. आता आम्ही पुन्हा करतो. हातात हात, वर दोरी. एक वर्ष, एक दिवस. मग पुन्हा विचारायचं, राहायचं का?”

“आन् कुनी न्हाई म्हनलं तर?”

“दोरी सोडायची.”

“आमच्यात म्हशीचं दावंबी त्यापरीस पक्कं आसतंय, बाई!”

हसल्या खऱ्या, पण दोरी बांधायला त्या तयार झाल्या. गावातल्या प्रत्येक लग्नात नवरानवरीच्या शेल्याला गाठ मारायचा मान त्यांचाच होता. मनकर्णाबाईची गाठ सुटत नाही, असं लोक म्हणत. राही माहेरी बसली आणि पाण्याच्या रांगेतल्या बाया त्या बोलण्याला हसू लागल्या. ते हसू मनकर्णाबाईंना भाकरीतल्या खड्यासारखं लागायचं. म्हणून त्यांनीच निरोप धाडून जावयाला बोलावलं होतं. गोरीचं लग्न उरकायचं आणि राहीला त्याच्याबरोबर वाटेला लावायचं, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं.

जावई, पुंजाराम, खाली मान घालून बसला होता. “मामी, माझं काय चुकलं आसंल तर दोन थोबाडीत मारा. पन राहीला धाडा,” तो आल्या आल्या म्हणाला होता. ते ऐकून शेजारच्या झुंबरबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. असा गरीब जावई मिळाला, तरी पोरीला कदर न्हाई, असं ती जमलेल्या बायांना सांगत सुटली.

अंगणात ज्युडीनं मूठभर माती ठेवली, दिवा लावला आणि पाण्याचा तांब्या मांडला. तिच्या रीतीत हेच साक्षीदार.

“पानी दावा त्यास्नी, आन् परत रांजनात वता,” मनकर्णाबाईंनी बजावलं.

दोघांनी एकमेकांचे हात धरले. मनकर्णाबाईंनी लाल दोरी त्यांवर गुंडाळली आणि गाठ आवळली.

“आई, थोडी सैल!” ज्युडी कळवळली.

“सैल गाठ माझ्या हाताला ठाव न्हाई.”

बाया खिदळल्या. गाठ तशीच राहिली. मग ज्युडीनं कोपऱ्याकडं मान केली. तिथं नवी केरसुणी उभी होती.

“आता झाडू. खाली ठेवायचा आणि दोघांनी वरून उडी मारायची.”

बायांचं हसू तिथंच थांबलं.

“लक्ष्मीवरनं उडी मारतीस व्हय?” मनकर्णाबाई उसळल्या. “माझ्या दारात केरसुनी वलांडायची न्हाई!”

ज्युडीचा चेहरा उतरला. पीटर चाचरत म्हणाला, झाडू नको तर दुसरं काहीही चालेल, लांब आणि आडवं ठेवता येईल असं.

मनकर्णाबाईंनी इकडंतिकडं पाहिलं. जावयाची काठी भिंतीला टेकलेली होती. तेल पाजून काळीभोर झालेली. त्यांनी ती उचलली आणि लेकीकडं वळल्या.

“धर. त्येंच्या म्होरं आडवी ठेव.”

राहीनं ती धरली नाही. ती मटकन खाली बसली. दोन्ही हात डोक्यावर गेले, कोपरं कानांशी आली, अंगाचं मुटकुळं झालं. कुणी तिला शिवलंही नव्हतं.

झुंबरबाईचा पदर तोंडाशी गेला. अशी बसायची सवय एका मारानं लागत नाही.

पुंजाराम लगबगीनं उठला. “जरा येडी हाय,” तो हसत म्हणाला. “द्या मामी काठी. मीच ठेवतो.”

त्याचा आवाज जवळ आला, तशी राही आणखी आवळली गेली.

मनकर्णाबाईंनी काठी दिली नाही. स्वतः वाकून ती जमिनीवर ठेवली. ज्युडी आणि पीटर बांधल्या हातांनी तिच्यावरून उडी मारून पलीकडं गेले. टाळ्या वाजवायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. मनकर्णाबाईंनी काठी उचलली, परसात गेल्या आणि पाणी तापवायच्या चुलीत सारली. परत आल्या तेव्हा पुंजाराम पायताण घालत होता.

“ऊन चढायच्या आत निघावं म्हनतो, मामी,” तो म्हणाला. आता तो हसत नव्हता.

मनकर्णाबाईंनी जावयासमोर डोक्यावरचा पदर नीट केला. मग लेकीजवळ बसल्या आणि तिचे डोक्यावरचे हात एकेक करून खाली घेतले.

“ऊठ राहे,” त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “जावयबापूंची शिदोरी बांध. एकट्याचीच बांध.”