डावीकडचा फोटो

"एवढा मोठा फोटो करायचाय काय? बसच्या पाठीवर चिकटवायचाय?" म्हातारा फोटोग्राफर कॅमेऱ्याशीच पुटपुटत होता. कॅमेरा जवळजवळ नाकाला टेकलेला. "ही सेटिंग कुणी केली?"

"मी केली, बाबा." मुलीने कॉम्प्युटरमधून मान वर काढली नाही.

"मला न विचारता?"

"क्वालिटी चांगली येते."

"क्वालिटी फोटो काढणाऱ्याच्या हातातून येते. मागच्या लग्नात ऐन वेळी कॅमेऱ्यातलं कार्ड भरलं. मुलाकडची सगळी मंडळी दात काढून उभी, आणि मी आपला खिसे चाचपतोय. उभ्या जन्मात अशी शोभा झाली नव्हती."

"उद्या जास्तीचं कार्ड देते ना बरोबर."

"उद्या लहान साइज. विषय संपला."

अंधारात किल्लीचं भोक शोधावं तसा त्याचा अंगठा बटणांवरून फिरू लागला. मुलीने आईकडे पाहिलं. आई स्टुडिओतल्या मागच्या पडद्याची घडी घालत होती. ती एकदम फारच मन लावून घालू लागली.

मोठी सेटिंग कशासाठी हवी, हे दोघींनाही ठाऊक होतं. मोठ्या फाइलमध्ये बिघडलेला फोटो सावरायला वाव असतो. गेलं वर्षभर बाबांना सगळं अंधारलेलं वाटे, म्हणून ते उजेड वाढवत, आणि माणसांचे चेहरे पांढरेफटक येत. मग मुलगी कॉम्प्युटरशी बसून एकेक चेहरा परत आणी. लहान फाइलमधून तो परत येत नाही. घरात मात्र बोलायची कारणं वेगळीच होती. हॉलमधले दिवे वाईट. चष्म्याच्या काचेवर ओरखडे. नवरीने मेकअपच फार थापलेला.

पण उद्याचं लग्न काही परत लागणार नव्हतं.

"बाबा, इकडे या. एकदा बघा आणि मग ठरवा."

तिने मागच्या लग्नातला एकच फोटो स्क्रीनवर दोनदा लावला. डावीकडे कॅमेऱ्यातून आला तसा, उजवीकडे तिने सावरलेला. अशी जोडी तिने त्यांना कधीच दाखवली नव्हती. तोंडाने सांगण्यापेक्षा हे बरं, असं तिला वाटलं.

"दोन्हींत काय फरक आहे, सांगा."

तो वाकला. चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा वाकला. बराच वेळ घेतला. मग खटला जिंकल्यासारखा ताठ झाला.

"काडीचा फरक नाही! मी काय म्हणत होतो? तुझी मोठी सेटिंग नुसती जागा खाते."

मुलीचा हात माउसवर तसाच राहिला.

"बरं," ती म्हणाली. "लहानच ठेवा."

ती फोटो बंद करणार, तेवढ्यात आई म्हणाली, "थांब गं."

कॅमेऱ्याच्या बाबतीत आई कधी बोलत नसे. तिचं खातं वायरी गुंडाळायचं आणि आलेल्या गिऱ्हाइकाला बसवून ठेवायचं. तिने घडी अर्धवट टाकली आणि नवऱ्याशेजारी येऊन उभी राहिली.

"अहो, या डावीकडच्या फोटोत नवरी कशी आलीय?"

"कशी म्हणजे? झकास आलीय."

"काय करतेय ती?"

तो इतका वाकला की श्वासाने काच धुरकटली.

"हसतेय," तो म्हणाला. "हसेल नाही तर काय! मीच हसवलं होतं तिला."

उजवीकडच्या फोटोत नवरी ओठ घट्ट मिटून रडत होती. डावीकडे तिच्या चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरा डाग होता.

आईने नवऱ्याच्या हातातला कॅमेरा हळूच काढून घेतला.

"रडतेय ती," आई म्हणाली. "तुम्हाला दिसत नाही हो आता."