बिनपडद्याच्या खिडक्या

“आई, आमच्याकडे एकच खोली आहे गं. तुझीच अडचण होईल,” असं म्हणून मुलानं मला हॉटेलात टाकलं, मेथीच्या लाडवांचा डबा उचलला आणि ऑफिसची घाई सांगून गेला. खिडकीतून कालवा दिसेल म्हणाला होता. उघडली तर हातभर अंतरावर ओली भिंत. खोलीभर कुबट वास. ॲमस्टरडॅमला मी पहिल्यांदाच आले होते, तेही त्याच्याकडे राहायला.

दुपारी एकटीच फेरीच्या बोटीत बसले. इथली माणसं खिडक्यांना पडदे लावत नाहीत. कुणाच्या ताटात काय आहे तेही बोटीतून दिसतं. एका घरात नीट आवरलेला रिकामा पलंग दिसला. त्यावर माझ्या जुन्या लुगड्यांची गोधडी होती, त्याच्या लग्नात मीच शिवून दिलेली. शेजारच्या खोलीत तो लाडू खात बसला होता. मी हात वर केला नाही. बोट पुढे गेली.

संध्याकाळी त्याचा फोन आला. “सगळं ठीक ना? काही हवंय का तुला?”

“थंडी वाजते रे,” मी म्हटलं. “तुझ्या दुसऱ्या खोलीतली गोधडी आणून दे. तिथं तशीही कुणी झोपत नाही.”