तीन पायांची शर्यत

"गाठ जरा सैल ठेव गं," बेडकी म्हणाली. "पडलो तर दोघींच्या नडग्या फुटतील."

घुबडानं गाठ घट्टच मारली. तिचा उजवा घोटा, बेडकीचा डावा, मध्ये सुती दोरी. आता शर्यत संपेपर्यंत ही बाई कुठं पळून जाणार नव्हती. आणि घुबडाला तिला एक गोष्ट विचारायची होती.

शिबिराचा नियम साधा होता. शनिवार-रविवार खरं नाव नाही, हुद्दा नाही, मोबाइल नाही. मोठ्यांनी लहान व्हायचं, खेळायचं, ओळखी करायच्या. त्यासाठी सुट्टीत रिकामी पडलेली प्राथमिक शाळा भाड्यानं घेतली होती. गुडघ्याएवढे बाक आणि हात धुवायला वाकावं लागेल अशी बेसिनं. प्रत्येकानं छातीवर एका प्राण्याचं नाव लावायचं होतं. घरी तान्हं बाळ असलेल्या तिनं घुबड लावलं, कारण रात्र रात्र जागीच असते. शेजारी येऊन बसलेली पन्नाशीची बाई ते वाचून म्हणाली, "मग मी बेडकी. माझं डरांव डरांव थांबतच नाही." आणि खरंच थांबलं नाही.

दोन दिवसांसाठी आलेल्या आजीजवळ बाळ ठेवून नवऱ्यानं तिला बळेच धाडलं होतं. "जा, जरा माणसांत जा." बाळ झालं आणि लगेच नवऱ्याची बदली झाली. नव्या गावात दिवसभर बोलायला चिटपाखरू नव्हतं.

काल दुपारी कागदाचे मुकुट चिकटवताना तिनं बेडकीला एक गोष्ट सांगितली. ती रोज बाळाला घेऊन औषधाच्या दुकानात जाते. खोकल्याच्या गोळ्या घेते. खोकला घरात कुणालाच नाही. पण दुकानदार 'काय म्हणतंय बाळ?' असं विचारतो, तेवढ्यासाठी. हे तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

बेडकीचं डरांव डरांव तेव्हा पहिल्यांदा थांबलं. मग तिनं विचारलं, "आल्याच्या की पुदिन्याच्या?"

"पुदिन्याच्या."

"मग ठीक आहे. आल्याच्या अगदीच भंगार असतात."

त्यावर दोघी इतक्या हसल्या की डिंक सांडला. तेव्हापासून त्यांचं अगं-तुगं सुरू झालं. बाळ झाल्यापासून आपण असं हसलोच नव्हतो, हे घुबडाच्या रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं.

आणि आज सकाळी दोघी दोरी आणायला सामानाच्या खोलीत गेल्या. आत अंधार. दिव्याचं बटण कपाटाच्या मागं होतं. बेडकीचा हात न चाचपडता थेट तिथं गेला. बाहेर पडताना दार अडकलं. बेडकीनं खाली कोपऱ्यात एक लाथ घातली, नेमकी जिथं घालायला हवी तिथं. मग चहावाल्या मावशींनी एक शब्द न विचारता तिच्यापुढं बिनसाखरेचा कप ठेवला. आणि हीच बाई काल म्हणत होती, "मी पहिल्यांदाच आलेय बाई, मला इथलं काही ठाऊक नाही!"

नवरा घुबडाला घरी सीसीटीव्ही म्हणायचा, ते काही उगाच नाही. तुकड्याला तुकडा जुळला तेव्हा आधी तिला गंमतच वाटली. मग कालच्या खोकल्याच्या गोळ्या आठवल्या.

"तुम्ही इथंच कामाला आहात ना?" आता गाठ मारून होताच तिनं विचारलं.

'तुम्ही' ऐकून बेडकीनं वळून पाहिलं. "दारावरून ओळखलंस?"

"दार, बटण आणि चहा."

"बाई गं! पोलिसात का नाही गेलीस?"

घुबड हसलं नाही. तेव्हा बेडकीनं आवाज खाली आणला.

"आहे कामाला. इथल्या प्रत्येक शिबिरात असते मी. काही माणसं येतात खरी, पण कोपरा धरून बसतात. त्यातलं एक माणूस मला देतात. मी जाऊन त्याच्याशेजारी बसायचं. नवखी असल्यासारखं. बोलतं करायचं."

"म्हणजे मी औषधाच्या दुकानातून निघाले आणि दुसऱ्या दुकानात शिरले."

"अगं, असं काय बोलतेस..."

"काल हसलात, तेही कामातलंच?"

"नाही म्हटलं तर पटणार आहे तुला? आता मी काहीही बोलले तरी तुला ते कामच वाटणार."

ते खरं होतं. कितीही टक लावून पाहिलं तरी या चेहऱ्यावरून काही कळणार नव्हतं. घुबड खाली वाकलं आणि गाठ सोडायला लागलं. पण दोरी आवळून बसली होती, नख शिरेना. आजूबाजूला जोड्या रेषेवर येऊन उभ्या राहिल्या. उंटाला सशाचा तोल सांभाळवत नव्हता. शिट्टी वाजली. सगळे लंगडत, ओरडत, एकमेकांवर आपटत पुढं गेले. रेषेवर या दोघीच उरल्या, एक वाकलेली, एक उभी.

शिबिर चालवणारी बाई गळ्यातली शिट्टी सावरत तरातरा आली. घुबड दोरीशी झटत होतं. घुबडाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं ती बेडकीच्या कानाशी लागली. पण रागात आवाज काही दबला नाही.

"कालपासून किती वेळा सांगायचं तुला, या बाईंना सोड म्हणून? तुला ते काका दिलेत, ते बघ, भिंतीपाशी दोरी घेऊन एकटेच उभे आहेत!"