कोऱ्या पाण्यातलं शिसं

कोऱ्या पाण्यात पुन्हा शिसं आलं.

तिने आकडा वहीत लिहिला आणि खाली रेघ ओढली. सलग अठरावा दिवस. शहराच्या नळांचं पाणी इथे तपासलं जाई. नमुन्यांच्या प्रत्येक रांगेत एक बाटली नुसत्या शुद्ध पाण्याची असे. त्या कोऱ्या बाटलीत यंत्राला काहीच सापडायला नको. तिथेच शिसं निघालं, तर बाकीच्या आकड्यांवर भरवसा कसा ठेवायचा?

“तेवढं सगळ्यांतून वजा कर आणि रिपोर्ट पाठवून दे,” साहेब म्हणाले. “कणभर तर आहे.”

“कुठून येतंय ते कळल्याशिवाय मी सही करणार नाही, सर.”

“मग शुक्रवारपर्यंत शोध. नाहीतर हे टेबल दुसऱ्या कुणाला तरी द्यावं लागेल.”

प्रयोगशाळेत तिला मागून ‘खोदकाम’ म्हणत. एकदा उकरायला लागली की तळ लागेपर्यंत ती थांबत नसे. तिने आम्लाची बाटली बदलली. सगळी भांडी नव्याने आम्लात भिजवली. टेबल, फळ्या, नळाची तोटीसुद्धा पुसून काढली. शिसं काही हटेना. बुधवारी शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने तेच आम्ल, त्याच बाटल्या घेऊन कोरं पाणी तयार केलं. ते स्वच्छ आलं.

“तुझ्याच हाताला गुण आहे बाई,” मैत्रीण हसली.

ती हसली नाही.

गुरुवारी सकाळी तिने स्वतःचाच नमुना घेतला. ओल्या फिल्टर पेपरने तळहात पुसले, बाह्या पुसल्या, केस पुसले, कुडत्याचे दोन्ही खांदे पुसले. एकेक कागद वेगवेगळा आम्लात गरम करून यंत्राला दिला. तळहात आणि केस स्वच्छ. बाह्यांवर थोडं. उजव्या खांद्यावर थोडं. डाव्या खांद्याचा आकडा तिने दोनदा वाचला.

पर्स ती त्या खांद्याला लावत नसे. कुठलीही बाटली तिथे टेकत नसे. मग तिच्या लक्षात आलं आणि ती स्टुलावर बसली. पाळणाघराच्या वाटेवर रोज त्या खांद्यावर डोकं टाकून तिची अडीच वर्षांची लेक झोपते. गेल्या महिन्यापासून दुपारी लेकीला तिथून तिचे बाबा घेऊन जातात. संध्याकाळपर्यंत ती त्यांच्या दुकानाच्या फरशीवर खेळते. तिथे जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवतात.

“चला, चूक सापडली एकदाची,” कागद बघून साहेब म्हणाले. “इथे येऊन कपडे बदलत जा, म्हणजे झालं.”

“ती चूक नव्हती, सर. मला आत्ता सुट्टी हवीय.”

लेकीचं रक्त तपासायचं म्हटल्यावर नवऱ्याने ऐकून घेतलं नाही. “माझ्या वडिलांनी जन्मभर हेच केलं. पोरगी ठणठणीत आहे. उगाच तिला सुया टोचायच्या?”

“टोचायच्या,” ती म्हणाली. लेकीला कडेवर घेऊन ती दवाखान्याकडे चालू लागली.

सोमवारी रिपोर्ट घ्यायला ती नवऱ्याशिवायच, लेकीला घेऊन गेली. “आकडा बराच जास्त आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण वेळेत आलात. हे बाहेरून दिसत नाही. त्या जागेपासून तिला लांब ठेवा, हळूहळू उतरेल. थोडी औषधं लिहून देते. दर महिन्याला तपासत राहू.”

बाहेर व्हरांड्यात येऊन तिने नवऱ्याला फोन लावला. फक्त आकडा वाचून दाखवला आणि ठेवून दिला. मग औषधं कशी द्यायची ते विचारायला पुन्हा आत गेली.

अर्ध्या तासाने दार उघडलं. नवरा उभा होता. केस ओले, अंगात धुतलेला शर्ट. लेकीने त्याच्याकडे हात पसरले. तो जवळ आला नाही. दारातच उभं राहून त्याने बाही वर केली.

“आता माझं रक्त घ्या, डॉक्टर. दुकानाला कुलूप घातलंय. आमचे दोघे कारागीरही बाहेर बसलेत.”