काझीपुढचा पेला

वस्तीला पहिलावहिला काझी मिळाला, तसा शेख मुतलक हवेतच तरंगू लागला. अंगणात सगळ्यांना कॉफी देता देता म्हणाला, "काझीसाहेब, सांगा यांना, शहराला आपण मदीना का म्हणतो!"

"त्या शब्दाच्या मुळाशी न्याय आहे. जिथे न्याय मिळतो, ती मदीना."

"ऐकलंत? आजपासून आपलं शहर झालं!"

एकच जल्लोष झाला. तेवढ्यात शेखच्या विधवा वहिनीने, हमदाने, भरला पेला ओठाला न लावता खाली ठेवला. काही मागायचं असलं की पेला असा खाली ठेवायचा आणि मागणं मान्य होईपर्यंत प्यायचा नाही, हा तिथला रिवाज.

शेख खुशीत ओरडला, "माग वहिनी, आज काहीही माग!"

हमदाने पेला काझीपुढे सरकवला.

"माझी खजुरीची बाग, काझीसाहेब. भावजींनी घशात घातलेली. शहर झालं ना आता?"